जात्याचे दोन दगड

एका राज्यात कुणाचं पाऊल वाजत नव्हतं. माणसं होती, गावंच्या गावं होती, बाजार भरत होते. पण पाऊल वाजत नव्हतं, कारण पाऊल कुणी टाकतच नव्हतं. रस्ता आपण होऊन सरकायचा आणि माणसाला घेऊन जायचा. विहिरीचं पाणी आपण होऊन हंड्यात चढायचं, हंडा आपण होऊन घरी यायचा. घास ताटातून उठून ओठांशी यायचा. चावायचं तेवढं माणसाकडे उरलं होतं, आणि त्याचीही तक्रार दरबारात गेली होती.

"काय सुख!" म्हणालात ना? मला ऐकू आलं. मी ही गोष्ट पहिल्यांदा ऐकली तेव्हा हेच म्हणालो होतो. त्या लोकांचा मला असा हेवा वाटला की दोन दिवस मी घरात कुणाशी धड बोललो नाही. आता पुढचं ऐका, आणि मध्ये बोलू नका.

त्या राज्याचा राजा वज्रबाहू. नाव वज्रबाहू, आणि बाहू म्हणाल तर शेवग्याच्या शेंगा. नदीपलीकडे त्याचा धाकटा भाऊ सुमेध राज्य करी. पूर्वी दोन्ही तीर मिळून राज्य एकच होतं. तेव्हा त्यांच्या आईवडिलांची एक रीत होती. रोज सकाळी राजा आणि राणी जात्याशी समोरासमोर बसत, एकाच खुंट्याला दोघं हात लावत आणि घरचं पहिलं पीठ स्वतः दळत. खुंटा आपल्याकडे आला की आपण ओढायचा, तिकडे गेला की समोरच्यानं. एकानं जास्त जोर केला की दगड हिसका खाई आणि पिठाची भरड होई. राजा दळतो म्हणून कुणी हसत नसे. उलट लोक म्हणत, बघा, घर कसं चाललंय.

म्हातारा राजा जायला निघाला तेव्हा त्यानं राज्याचे दोन भाग केले, आणि जात्याचेही केले. थोरल्याला खालचा दगड, धाकट्याला वरचा, खुंट्यासकट. म्हाताऱ्याच्या मनात सरळ होतं: पीठ हवं असेल तर पोरांना एकमेकांकडे यावं लागेल. पण बोलून दाखवायच्या आत त्याचे डोळे मिटले.

पोरांनी काय केलं? वज्रबाहू मनात म्हणाला, 'खुंटा त्याला दिला. फिरायचं त्यानं, आणि मी खाली पडून राहायचं!' अंगाचा नुसता तिळपापड झाला. त्यानं तो दगड सिंहासनापुढे पाय ठेवायला मांडला. तिकडे सुमेधही कुढतच होता. त्यानं वरचा दगड भिंतीत बसवला आणि खुंट्यावर मुकुट टांगू लागला. म्हातारा असता तर त्यानं दोघांच्याही कानाखाली वाजवली असती.

तिथून जो हेवा सुरू झाला तो थांबेना. सुमेधच्या बागेत फुलं आली की वज्रबाहूच्या पोटात दुखे. सुमेधच्या घोड्याचं शेपूट लांब आहे असं कुणी सांगितलं, तर वज्रबाहू आपल्या घोड्याला गंगावन लावी. जेवताना तोंडात घास आणि नजर नदीपलीकडे.

असा हेवा जिथे धुमसतो तिथे मांत्रिक पोचतोच. त्याचं नाव भस्मांजन. दरबारात येऊन तो म्हणाला, "राजन्, तुझ्या भावाकडे नाहीत असे सेवक देतो. ते दिसत नाहीत, थकत नाहीत, नाही म्हणत नाहीत."

"खातात काय?"

"निखारे."

"आणि तुला काय देऊ?"

"जे काम तू आणि तुझी प्रजा करणार नाही, त्या कामाचं बळ मला दे. वापरायचं नाही ते बळ अंगात ठेवून करायचं तरी काय?"

"घे," राजा म्हणाला. एवढ्या झटपट तर कुणी विडाही देत नाही.

त्या अदृश्य सेवकांना लोक 'आयते' म्हणू लागले. आयत्यांनी रस्ते सरकवले, पाणी चढवलं, पंखे हलवले. आणि भस्मांजन? तो दुसऱ्याच दिवशी नदी ओलांडून सुमेधकडे गेला आणि तेच सेवक त्यालाही दिले.

मग सुरू झाली चढाओढ. सुमेधनं जिना सरकता केला, की वज्रबाहूनं अंगण सरकतं केलं. सुमेधनं चाळीस दिवे लावले, की वज्रबाहूनं चारशे लावले, आणि ते दिवसाही जळत ठेवले, का तर पलीकडून दिसावेत. आयत्यांना निखारे पुरेनात. आधी राई गेली, मग रान गेलं. मग डोंगर फोडून दगडी कोळसा काढला, तोही आयत्यांनीच. सूर्य धुरातून पिवळट दिसायचा आणि लोक गादीवर पडल्या पडल्या म्हणायचे, उकडतंय हो, आणखी एक पंखा लावा. राजवाड्याच्या तळघरात भस्मांजनाचा काळा रांजण होता. त्यात लोकांच्या अंगचं बळ थेंबाथेंबानं साठत होतं.

मग सुमेधच्या डोंगरातला कोळसा आधी संपला. आयते उठून चालते झाले. पलीकडचे रस्ते थांबले, माणसं जिथल्या तिथे बसली, रडली, एकमेकांना शिव्या दिल्या, आणि शेवटी भूक लागली म्हणून रांगत रांगत विहिरीकडे गेली. वज्रबाहूनं त्या दिवशी राज्यात साखर वाटली. चारशे दिव्यांचे आठशे केले. इतका आनंद त्याला मुलगी झाली तेव्हाही झाला नव्हता.

हो, त्याला मुलगी होती. जुई तिचं नाव, पाच वर्षांची. टपोरे डोळे, बोलायला चुरचुरीत, आणि पाय अळूच्या देठासारखे. तिनं एकदाही जमिनीला पाऊल लावलं नव्हतं. साखर वाटून आठ महिने झाल्यावर एके सकाळी ती बोलेना, म्हणून राजवैद्याला आणलं. वैद्य सरकत सरकत आला, सरकत सरकत मंचकाशी थांबला आणि कित्येक वर्षांनी पहिल्यांदा वाकून त्यानं कान लावला.

"महाराज, राजकन्या श्वास घेत नाही."

"छाती तर हलतेय!"

"आयते हलवतात. उचलतात आणि ठेवतात. कधीपासून, ते देव जाणे. वाकून बघायचे कष्ट आपण कुणी घेतले नाहीत."

राजानं कोठारावरच्या अधिकाऱ्याला विचारलं, "कोळसा किती आहे?"

"उद्या सकाळपर्यंतचा. दिवे विझवले तर तीन दिवसांचा."

राणी इंदुमती जुईच्या उशाशी बसली होती. ती म्हणाली, "विझवा."

राजाची नजर खिडकीतून पलीकडे गेली. मग तो म्हणाला, "सुमेधला काय वाटेल?"

राणीनं त्याच्याकडे असं पाहिलं की मी तिथे असतो तर पळून गेलो असतो. "आपली पोर श्वास घेत नाही," ती म्हणाली, "आणि तुम्हाला भावाची पडली आहे! आग लागो तुमच्या त्या हेव्याला. विझवा म्हणते ना!"

दिवे विझले. तेवढ्यात खिडकीत एक भारद्वाज येऊन बसला. तांबडे डोळे, तपकिरी पंख. हा पक्षी उडतो कमी आणि चालतो जास्त. त्या राज्यात चालणारा तो एकटाच उरला होता. तो माणसासारखा बोलला आणि कुणाला नवल वाटलं नाही, नवल करायलाही बळ लागतं.

"राजा, तुझ्या मुलीचं बळ तळघरातल्या रांजणात आहे. रांजणाचं झाकण तुम्हा दोघा भावांच्या हेव्यानं लिंपलेलं आहे. घणानं फुटणार नाही. तीन कामं कर. खालचा दगड स्वतःच्या अंगबळानं नदीवर ने. ज्या गोष्टीचा हेवा वाटतो ती भावाला तोंडावर सांग, खरी सांग. आणि त्याच्याबरोबर एका खुंट्याला हात लावून पसाभर धान्य दळ. ते पीठ झाकणावर टाक. तिसऱ्या दिवशी सूर्य बुडायच्या आत."

"आणखी काही?"

"नाही. मला तीनपर्यंतच मोजता येतं."

आता तुम्हाला वाटेल, राजानं दगड डोक्यावर घेतला आणि निघाला. तसं सांगितलं तर मला खोटारडा म्हणाल. त्यानं आधी उभं राहून पाहिलं, आणि पडला. पुन्हा उभा राहिला, पुन्हा पडला. मग दगड कडेवर उभा केला, जात्याचा दगड गोल असतो हे त्याला तेव्हा कळलं, आणि लोटू लागला. पायऱ्या तो लहान मुलासारखा बसून उतरला, दगडाला पोटाशी धरून, एकेक. प्रजा सरकत्या रस्त्यावरून त्याच्या बाजूनं जात होती. कुणी म्हणालं, महाराजांना वेड लागलं. कुणी म्हणालं, मदत करू का, आणि तेवढ्यात रस्ता त्याला पुढे घेऊन गेला. राजवाड्यापासून नदी अर्धा कोस. अर्धा कोस जायला राजाला दोन दिवस लागले. हाताला फोड आले, फुटले, पुन्हा आले. पण दुसऱ्या दिवशी एक अजब झालं: त्याला भूक लागली. खरीखुरी, पोटात ओरडणारी भूक. शेवटची कधी लागली होती ते त्याला आठवेना.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो वाळूत पोचला आणि त्यानं पलीकडे पाहिलं. पलीकडे बायामाणसं पाणी भरत होती, हसत होती, भांडत होती. कुणी मोट हाकत होतं, कुणी उघड्या डोंगरावर रोपं लावत होतं. आणि एक सहा वर्षांचं पोर पाण्याच्या कडेनं धावत होतं. सुमेधचा मुलगा केसरी. धावता धावता पडला, उठला, पुन्हा धावला. त्याच्या गुडघ्यावर जुन्या जखमेची खपली होती.

राजाच्या छातीत अशी कळ आली की तो मटकन खाली बसला. बाग पाहून झाली नव्हती, घोडे पाहून झाली नव्हती, ती जळजळ त्या खपलीनं झाली. शर्यत हरलेल्या भावाचं पोर धावत होतं.

"सुमेध!" तो ओरडला.

सुमेध पाण्यातून चालत अलीकडे आला. खांदे भरलेले, पोटऱ्या चिखलानं माखलेल्या. वज्रबाहूला त्या खांद्यांचाही हेवा वाटला. लपवून काय उपयोग?

"दादा, तू चालत आलास?"

"जुई मरतेय," वज्रबाहू म्हणाला, आणि पक्ष्याचं सगळं सांगितलं.

सुमेधनं एक शब्द विचारला नाही. घरी गेला, मुकुट मंचकावर भिरकावला, भिंतीतला दगड उपसून खांद्यावर घेतला, पसाभर ज्वारी उपरण्यात बांधली आणि परत आला. खालच्या दगडावर वरचा दगड ठेवला. दोघं वाळूत मांडी घालून समोरासमोर बसले.

"आता सांग," सुमेध म्हणाला. "कशाचा हेवा वाटतो?"

"तुझ्या बागेचा."

दोघांनी खुंटा धरला, ओढला. दगड हलेना.

"घोड्यांचा."

दगड चार बोटं फिरला आणि अडला. दाणे बाहेर सांडले. तेवढ्यात वाळूवर भस्मांजन उभा राहिला, कुठून आला ते विचारू नका. राजाच्या कानाशी वाकून म्हणाला, "राजन्, तो जोर लावत नाही. तुझी मुलगी गेली तर दोन्ही तीर कुणाचे?" मग सुमेधच्या कानाशी गेला. "तो तुला राबवतो आहे. काम झालं की पुन्हा साखर वाटेल."

"तू ओढत नाहीस!" वज्रबाहू कडाडला.

"तूच दाबून धरलंयस!"

खुंट्याला असा हिसका बसला की दगड उडाला आणि निम्मी ज्वारी वाळूत गेली. सूर्य डोक्यावर आला होता. वज्रबाहूनं वाळूतले दाणे वेचायला हात घातला, आणि त्याचा बांध फुटला.

"तुझ्या पोराच्या गुडघ्यावर खपली आहे," तो म्हणाला. "माझी मुलगी कधी पडलीच नाही रे. पडायला आधी उभं राहावं लागतं. मला त्या खपलीचा हेवा वाटतो. इतका वाटतो, की मघाशी तो धावताना पाहिला तेव्हा मनात आलं, याचेही पाय जावेत. माझ्याच भावाचं पोर! असं आलं माझ्या मनात."

सुमेधनं वळून आपल्या पोराकडे पाहिलं. केसरी पलीकडे पाण्यात दगड मारत होता.

"तू साखर वाटलीस ना," सुमेध शेवटी म्हणाला, "त्या दिवशी मी म्हणालो होतो, दादाचाही डोंगर संपू दे. संपल्यावर काय होतं ते मी आमच्याकडे पाहिलं होतं. आमची चार म्हातारी माणसं गेली. तरी म्हणालो. आणि लहानपणापासून सांगायचं तर, बाबांनी खालचा दगड तुला दिला. सगळा भार खालच्यावर असतो. तुझ्यावर भरवसा, आणि मला नुसतं फिरायला खुंटा. तेच मला खुपत होतं."

"मला वाटलं खुंटा म्हणजे मान!"

"मला वाटलं दगड म्हणजे मान!"

दोघंही एकदम हसले, आणि हसता हसता दोघांचे डोळे भरले. भस्मांजन काही बोलायला वाकला, पण दोघांनी खुंट्याला हात लावला होता. या वेळी वरचा दगड नीट बसला. वज्रबाहूनं ओढला, सुमेधनं ओढला. वज्रबाहूचा जोर कमी पडत होता, म्हणून सुमेधनं आपला जोर त्याच्या जोराला जुळवून घेतला, कमी नाही, जास्त नाही. आई घालायची तशी मूठ मूठ दाण्यांची वैरण जात्यात घातली. घर्र घर्र दगड फिरला आणि कडेनं पीठ पडू लागलं, पांढरं, मऊ, कोमट.

पीठ उपरण्यात बांधून दोघं निघाले. सुमेधच्या खांद्यावर वज्रबाहूचा हात. निम्म्या वाटेत रस्ते करकरले आणि थांबले. कोळसा संपला होता. माणसं जिथल्या तिथे कोलमडली, हंडे हवेतून खाली आदळले, चाललेला पाळणा थांबला. वज्रबाहूला धावता येत नव्हतं, तरी तो धावला.

महालात शिरले तेव्हा त्यांनी पाहिलं: इंदुमती मंचकावर चढून बसली होती. आयते गेल्या क्षणापासून ती दोन्ही हातांनी जुईच्या फासळ्या उचलत होती आणि सोडत होती. उचलत होती, सोडत होती. जिनं कधी फुलाची परडी उचलली नव्हती, तिचे हात खांद्यापर्यंत निळे पडले होते.

"लवकर," ती म्हणाली. "माझे हात राहिलेत."

दोघं भाऊ तळघरात उतरले. भस्मांजन रांजणाला मिठी मारून बसला होता. वज्रबाहूनं त्याच्याकडे पाहिलंही नाही. पीठ झाकणावर पडलं तसा काळा लेप विरघळला, झाकण सरकलं आणि बळ बाहेर पडलं. ते दिसलं नाही. पण जिना थरारला, दारं उघडली, आणि गावात पडलेला एकेक माणूस हात टेकून उठून बसला. ज्याचं त्याचं बळ ज्याच्या त्याच्या घरी गेलं.

भस्मांजन मात्र आडवा झाला. आयुष्यात त्यानं स्वतःची काडी उचलली नव्हती. आता उचलायला दुसऱ्याचं बळ उरलं नव्हतं. पुढे त्याला हातात खराटा देऊन उभं राहायला शिकवलं. अजून शिकतोय म्हणतात.

वर महालात इंदुमतीनं हात सोडले होते. जुईची छाती थांबली. मग आपण होऊन उचलली गेली. पोर खोकली, डोळे उघडले आणि बापाकडे बघून म्हणाली, "बाबा, तुमच्या अंगाला कसला छान वास येतोय?"

"पिठाचा," राजा म्हणाला, आणि धाय मोकलून रडला.

आयते पुन्हा बोलावले ते चारच, पलीकडच्या तीरासाठी चार आणि अलीकडच्यासाठी तेच चार. अडलेली बाई, मोडलेला पाय, थकलेला म्हातारा, यांच्यापुरते. त्यांच्या निखाऱ्यांना वाळलेल्या फांद्या पुरतात. दिवे दिवस मावळल्यावर लागतात. डोंगरावर पुन्हा रान येतंय. आणि रोज सकाळी नदीच्या वाळूत दोन राजे जात्याशी बसतात. आज अलीकडच्या घरचं पीठ, उद्या पलीकडच्या. राण्या खुशाल उशिरा उठतात.

हेवा गेला का, असं विचारता? एका सकाळी वज्रबाहू दळायला आला तो जुईला हाताला धरून, चालवत. वाळूत पोचताच त्यानं तिचा परकर गुडघ्यापर्यंत वर केला.

"बघ," तो सुमेधला म्हणाला, छाती फुगवून. "काल पायरीवरून पडली. तुझ्या केसरीच्या खपलीपेक्षा मोठी आहे की नाही?"

सुमेधनं वाकून नीट पाहिलं. मोठी होती. त्याच्या कपाळाला बारीकशी आठी पडली.

"मोठी आहे," तो म्हणाला. "आता खुंटा धर."

दगड फिरू लागला. तुम्हीही आता उठा बघू. तहान लागली असेल, तर पाण्याचा माठ स्वयंपाकघरात आहे, आणि मी काही आणून देणार नाही.